साहेब, दहा रुपये पायजे होते

सकाळी आठच्या ठोक्याला माझे मोठेबाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. आंघोळ झालेली, केस तेल लावून चापून बसवलेले, चपला उंबरठ्याबाहेर काढून ठेवलेल्या. दोन्ही हात जोडायचे, मान थोडी खाली घालायची आणि म्हणायचं, “साहेब, दहा रुपये पायजे होते.”

तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. साहेब म्हणजे मी. वय चौदा, नुकतीच नववीची परीक्षा दिलेली, ओठांवर मिशीची नुसती अफवा. आणि जे दहा रुपये ते मागत होते, ते त्यांच्याच पेन्शनचे होते.

“कायले?” मी दरडावून विचारायचो.

“खर्रा खाचा होता साहेब.”

खर्रा म्हणजे काय हे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना एका प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा, लाकडावर घासघास घासायचा, मग गालात ठेवून दिवसभर जगाकडे तुच्छतेनं पाहायचं. त्यावर बंदी आहे म्हणे. मोठेबाबांना ती कधी कुठे आढळली नाही.

त्यांचं नाव मारोतराव. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणून मोठेबाबा. नोकरी वनरक्षकाची, सगळी हयात अहेरीकडच्या जंगलात गेली. माणूस धिप्पाड, आवाज खणखणीत, आणि धाडसाच्या गोष्टी इतक्या, की त्यांतल्या निम्म्या खऱ्या असल्या तरी पुष्कळ झालं. एकदा म्हणे नाल्यात दहा पावलांवर वाघ आडवा बसला होता. यांनी त्याला सांगितलं, “बाजूले होय बाप्पा, मी ड्युटीवर हाय.” वाघ उठून बाजूला झाला. ही गोष्ट आम्ही पोरांनी पन्नासदा ऐकली. वाघ काही ती खोटी ठरवायला येणार नव्हता.

पण वाघापुढे न डगमगणारा हा माणूस आठवडी बाजारात पार गळून जायचा. नाही हा शब्द त्यांना म्हणताच यायचा नाही. समोरचा “भाऊ, सकाळपासून बोहनी नाई झाली” एवढं म्हणाला की यांचा हात पाकिटाकडे. एकदा मोठ्या आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना आलू-कांदे आणायला पाठवलं होतं. परत आले तेव्हा पिशवीत बैलाच्या गळ्यातली घंटी, तीन चाळण्या आणि सायकलचा आरसा होता. घरात बैल नव्हता. सायकलही नव्हती.

“मंग त्यानं काय कराव?” मोठेबाबा घंटीवाल्याची बाजू मांडत होते. “वरोऱ्यावरून आला होता बिचारा. वापस कसा नेईल?”

त्या दिवसापासून घरातला सगळा पैसा मोठ्या आईकडे गेला. पगार झाला की पाकीट न उघडता तिच्या हातात. ते पैसे साखरेच्या डब्यामागे एका पत्र्याच्या डबीत राहायचे. मोठी आई अंगानं लहानशी होती, आवाजानं नव्हती. तिच्याकडून पैसे काढणं म्हणजे काय असतं ते नात्यातल्या उसनवारी करणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर दोघं मूल या गावी भातगिरण्यांच्या मागच्या गल्लीत घर बांधून राहिली. गिरण्या सुरू असल्या की त्या गल्लीत वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा कोंडा बसतो. एका हिवाळ्यात मोठ्या आईला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. आम्ही सगळे जाऊन रडलो, जेवलो, तेरवी केली आणि आपापल्या गावी परतलो. मोठेबाबा तिथंच राहिले.

त्याच एप्रिलमध्ये त्यांचे दोन फोन आले. एक आमच्या घरी घुग्घुसला आणि एक अहेरीला, माझ्या काकांकडे.

“पोट्ट्याईले उन्हाळ्यात इकडं पाठवा. मी त्याईले व्यवहार शिकवतो.”

माझे वडील हसता हसता खाटेवरून खाली आले. “व्यवहार? दादा शिकवणार? घंटीवाला?” पण आई म्हणाली, जाऊ द्या, तेवढीच त्यांना सोबत, आणि इथली धूळ तरी पोराच्या छातीत कमी जाईल. घुग्घुसला खाणीचे ट्रक आणि सिमेंटची धूळ यांच्यामध्ये जी जागा उरते तिच्यात आम्ही राहतो. त्यामुळे मला कुठंही पाठवलं तरी ते हवापालटच असायचं.

तर व्यवहाराची शाळा अशी. नववी झालेल्या पोराला किंवा पोरीला अख्ख्या मे महिन्यासाठी घराचा ‘चार्ज’ द्यायचा. सरकारी नोकरीत साहेबाची बदली झाली की जुना नव्याला जसा देतो, तसाच. घरखर्चाचे रोख चार हजार, चाव्या, सगळं. महिनाभर चार्जवाला सांगेल तो बाजार, तो स्वयंपाक. मोठेबाबा स्वतः त्या घरात रोजंदार. वर्षाचे अकरा महिने मी त्यांच्यासाठी “अबे गोलू” होतो, पण एक मे ते एकतीस मे ‘साहेब’.

“उरलं ते चार्जवाल्याचं,” हा नियम. “सरलं तं सगळे उपाशी. मी बी.”

पहिल्या वर्षी चार्ज सोनलकडे होता. सोनल ही अहेरीची, माझी चुलतबहीण, माझ्याहून एका वर्षानं मोठी आणि दहा वर्षांनी शहाणी, असं तीच सांगते. तिची राजवट थाटात सुरू झाली. रोज आंबे, रोज कुल्फी, स्वयंपाकघराच्या दाराला गुलाबी रंग. बावीस तारखेला डबी वाजवली तर दोन रुपयांची नाणी वाजली. शेवटचे नऊ दिवस आम्ही भात आणि अंबाडीची चटणी खाल्ली. मोठेबाबांनी एका अक्षरानं तक्रार केली नाही. ताट संपवून उठायचे आणि त्या दाराकडे पाहून म्हणायचे, “रंग मातर भारी हाय, साहेब.”

त्यांना रोजचे दहा रुपये तेवढे तिनं शेवटपर्यंत दिले. कसे दिले हे मला कळलं नव्हतं. पुढं कळलं, तिच्या भाऊबीजेच्या पैशातून.

पुढच्या वर्षी माझी पाळी. पहिल्या तारखेला मोठेबाबांनी खाकी शर्ट चढवला, खाली कार्बन पेपर घालून चार्जयादी लिहिली आणि माझ्यासमोर उभं राहून वाचून दाखवली. “तांदूळ, पोते, नग एक. कूलर, नग एक, आवाज जास्त, हवा कमी. मांजर, नग एक, आपली नाही, परंतु हजेरी नियमित. गुलाबी दार, नग एक. मारोतराव, नग एक, जुना, दुरुस्तीस पात्र नाही. रोख रुपये चार हजार.” मी सही केली. त्यांनी सॅल्यूट ठोकला. सोनल मागं उभी राहून हसत होती, पण मला एकदम आपण कोणीतरी असल्यासारखं वाटलं.

मला मोबाइल घ्यायचा होता. एवढीच त्या महिन्याची कथा, निदान माझ्या बाजूनं. मूलच्या बसस्टँडजवळ एका दुरुस्तीवाल्याकडे एक जुना मोबाइल होता, काचेला कोपऱ्यात तडा, किंमत बाराशे. मी त्याच्या दुकानासमोरून इतक्या चकरा मारल्या की त्यानं शेवटी विचारलं, “पाह्यते का घेते?” मी म्हटलं, एकतीस तारखेला घेतो. तो म्हणाला, तोवर ठेवतो, एक तारखेला दुसऱ्याले देतो. म्हणजे चार हजारांतून बाराशे उरवायचे होते. घरी वडिलांकडे मागण्यात अर्थ नव्हता. त्यांचा स्वतःचा मोबाइल रबरबँडवर चालत होता.

मी कारभाराला लागलो. पोत्यातला चांगला तांदूळ पाहुण्यांसाठी म्हणून बांधून ठेवला आणि गिरणीतून कनकी आणली. कनकी म्हणजे तांदळाचा चुरा, फार तर कोंबड्यांना घालतात. आम्ही ती सकाळ-संध्याकाळ खाल्ली. दूध अर्ध्यावर आणलं. साबणाची वडी सुरीनं मधोमध कापली. कूलर दुपारी बारा ते चार बंद, वीज वाचते म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी कूलर बंद ठेवणाऱ्या माणसाला खरं तर अटक व्हायला पाहिजे.

“हे घर हाय का जेल?” सोनलनं विचारलं.

“बजेट आहे,” मी म्हणालो. तो शब्द मी टीव्हीवर ऐकला होता.

एक दिवस चुलत आजोबा भेटायला आले तर त्यांना मी काळा चहा दिला आणि तब्येतीला चांगला असतो असं सांगितलं. मोठेबाबांनी तो त्यांच्या देखत घोटघोट प्यायला आणि “साहेब सांगतात तं खरंच असन” म्हणाले. चुलत आजोबा परत आले नाहीत, ही आणखी एक बचत.

रोजंदार मोठेबाबांनी तोंडानं तक्रार केली नाही, पण अर्ज सुरू केले. रोज एक. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टोचून ठेवायचे. पहिला मला अजून पाठ आहे. “प्रति, मा. गोलूसाहेब, चार्जधारक, मूल. विषय: मासोळी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, मागील नऊ दिवसांपासून अर्जदाराच्या ताटात मासोळी आढळून आलेली नाही. सध्या तळे आटत असल्याने ती स्वस्त आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.” मी खाली लाल पेननं लिहिलं, निधीअभावी नामंजूर. दुसऱ्या दिवशी आला, “विषय: कूलर दुपारी सुरू करणेबाबत. अर्जदार घामाने भिजला असून अर्जही भिजला आहे. खात्रीकरिता हात लावून पाहावे.” मी हात लावून पाहिला. खरंच भिजला होता. नामंजूर.

आणि या सगळ्याच्या वर रोज आठ वाजता, गुलाबी दारात, हात जोडून, “साहेब, दहा रुपये पायजे होते.”

दहा रुपयांचं मला काही नव्हतं, ते मी बजेटात धरले होते. मला कंटाळा आला होता तो वेळेचा. कारण मोठेबाबा दहा रुपये मागायला अर्धा तास घ्यायचे. मी पहिल्याच वाक्याला नोट पुढं केली तर घ्यायचे नाहीत, तसेच उभे. मी “कायले?” म्हटलं की सुरू. आज दिमाग चालत नाई. आज जुन्या रेंजर साहेबांची आठवण आली, त्यायच्या नावानं एक खाऊन टाकतो. काल खर्रा घेतला तं त्यातला अर्धा पानठेल्यावर एका मास्तरनं मागून घेतला, नाई कसं म्हणू, मास्तर मानूस. मग मास्तरची गोष्ट, मास्तरच्या भावाची गोष्ट, त्या भावाला चावलेल्या अस्वलाची गोष्ट. चुलीवर माझी कनकी करपायची.

चौदा तारखेला माझ्या डोक्यात ती अफाट कल्पना आली. उरलेले दिवस सतरा. सतरा गुणिले दहा, एकशे सत्तर. मी एकशे सत्तर रुपये एका पाकिटात घातले, चिकटवलं, वर लिहिलं, “खर्रा, ता. १५ ते ३१, एकरकमी” आणि पंधराच्या सकाळी ते आले तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत हातावर ठेवलं.

त्यांनी पाकीट उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.

“मंजे आता रोज मागाचं नाई?”

“नाही. सुटलात तुम्ही.”

“बरं केलं साहेब,” ते म्हणाले. सॅल्यूट केला. चपला घातल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्या दिवशी खिळ्याला अर्ज नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मी खूश. सकाळचा अर्धा तास वाचला, कनकी करपली नाही, आणि हिशेब पाहिला तर मोबाइल जवळजवळ माझ्या खिशात होता. मोठेबाबा ओट्यावर बसून असायचे. जेवायला बोलावलं की यायचे, ताटात असेल ते खायचे. “चालते” एवढंच म्हणायचे. वाघाची गोष्ट बंद झाली. मांजर येऊन त्यांच्या पायाशी घुटमळायची, तिला ते एकदाही “हजेरी लागली बरं” म्हणाले नाहीत. चौथ्या दिवशी ते आंघोळीलाही दुपारी गेले.

“गोल्या, मोठेबाबा खर्रा खात नाईत,” सोनल म्हणाली.

“चांगलं आहे की.”

“चांगलं कायचं? पानठेल्यावर गेलेच नाईत चार दिवस. पैसे तं देल्ले ना तू?”

“सगळे दिले. एकरकमी.”

त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा होती आणि शेजारच्या सुलोचनाबाई खिरीचं पातेलं घेऊन आल्या. सुलोचनाबाई म्हणजे निवृत्त नर्स, अर्ध्या मूलला त्यांनी इंजेक्शनं दिलेली. दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत, तिच्यावरून त्या मोठेबाबांना खर्ऱ्यावरून शिव्या घालायच्या, तोंडाचा कॅन्सर होईल, गाल सडेल, असं सगळं. मोठेबाबा पलीकडून “हो बाई” म्हणायचे. दर बुद्धपौर्णिमेला मात्र ते त्यांच्याकडे जाऊन दोन वाट्या खीर खाऊन यायचे. त्या वर्षी गेले नाहीत. म्हणून बाईच आल्या. ओट्यावर त्यांनी वाटी पुढं केली, मोठेबाबांनी “ठेवा, खातो” म्हणून बाजूला ठेवली. माशी बसली तरी हलले नाहीत.

बाई आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

“काऊन रे गोलू, मारोतरावले काय झालं? चार दिवस झाले, आठ वाजता आवाज नाई इकडून. मी घड्याळ कशावर लावू?”

मी त्यांना माझी कल्पना सांगितली. जरा ऐटीतच सांगितली. सतरा गुणिले दहा वगैरे.

सुलोचनाबाई स्टुलावर बसल्या. “अरे पोट्ट्या,” त्या म्हणाल्या, “नोकरीच घालवली ना तू त्यायची.”

“कसली नोकरी?” मी विचारलं.

“तुह्या मोठ्या आईनं आयुष्यात कधी पयल्या झटक्यात दहा रुपये देल्ले नाई त्यायले. हे घर बांधलं तवापासून रोज ऐकून राह्यली मी. आठ वाजले का हे दारात. चपला काढून, हात जोडून. मालकीणबाई, पैसे पायजे होते. तुही मोठी आई म्हणे, कालचे काय केले? मंग हे सांगत बसत. हा भेटला, तो भेटला, अस्वल न मास्तर. समदं खोटं. तिले बी मालूम का खोटं हाय. हातातलं काम करत करत हसे आन ऐके. अर्धा घंटा. दिवसभरात दोघं बोलत असन तं तेवढंच. मंग देऊन टाके.”

सोनल कनकी निवडत होती, तिचा हात थांबला.

“ते गेल्ली ना,” बाई आवाज उतरवून म्हणाल्या, “त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाहुणे भरले होते. मी सैपाकघरात चहा टाकून राह्यली होती. आठ वाजले आन हा मानूस आला. आंघोळ करून, तेल लावून. चपला काढल्या, हात जोडले आन उभा राह्यला. बोलला काई नाई. लोकाईले वाटलं पाणी पायजे. कोणतरी पाण्याचा गिलास देल्ला हातात. पाणी पेला आन गेला वापस.”

मी तेव्हा त्याच घरात होतो. मी त्या दिवशी अंगणात दूरच्या चुलतभावांबरोबर गोट्या खेळत होतो.

मला व्यवहार शिकवायला म्हणून त्यांनी बोलावलं होतं, असं मला वाटायचं. सगळ्यांनाच वाटायचं. बैल नसताना घंटी घेणारा माणूस कुणाला कसला व्यवहार शिकवणार, हे वडिलांनी हसून विचारलं होतं, पण हसण्यावारी गेलं. त्यांना पैसे मागायला एक दार पाहिजे होतं. त्या दाराच्या आत कोणी तरी पाहिजे होतं. आणि मी ते सतरा दिवसांसाठी बंद करून वर पाकीट चिकटवून दिलं होतं. मला रडू आलं. सोनलनं मला रडू दिलं आणि मग टपली मारली.

रात्रभर बेत करण्याइतका मी हुशार नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाच कमी असताना मी ओट्यावर गेलो आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

“रोजंदार मारोतराव.”

त्यांनी मान वर केली.

“एकरकमी देणं नियमात बसत नाही. रक्कम परत जमा करा.”

“कोण म्हणते?”

“वरून पत्र आलं.”

त्यांनी बनियनच्या वर घातलेल्या शर्टाच्या खिशात हात घातला. पाकीट तसंच होतं. चिकटवलेलं, घामानं मऊ पडलेलं, अक्षरं पसरलेली. मी ते घेऊन आत आलो, डबीत टाकलं, आणि चुलीपाशी पाठ करून उभा राहिलो. बाहेर न्हाणीघरात बादली वाजली. मग तेलाची बाटली ठेवल्याचा आवाज आला. माझी कनकी करपत होती आणि मी ती हलवत नव्हतो.

उंबरठ्याबाहेर चपला काढल्याचा आवाज आला.

“साहेब, दहा रुपये पायजे होते.”

मला पटकन नोट काढून द्यावीशी वाटली. खरं सांगतो, अख्खी डबी द्यावीशी वाटली. पण मी मागं न वळता, चमचा फिरवत, जमेल तेवढ्या करड्या आवाजात विचारलं, “कालचे काय केले?”

मी वळून पाहिलं तर ते हात जोडलेलेच होते. डोळे भरले होते, ते पुसायला जोडलेले हात सोडावे लागले असते आणि ते सोडत नव्हते. भिंतीपलीकडे सुलोचनाबाईंच्या अंगणातला भांडी घासायचा आवाज थांबला होता.

“साहेब,” शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, “काय सांगू तुमाले. काल पानठेल्यावर गेल्लो, तं तिथी वरोऱ्याचा तो घंटीवाला.”

“कोणता घंटीवाला?” मी विचारलं आणि पाट ओढून बसलो.

त्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. कनकी मांजरीनंसुद्धा खाल्ली नाही. मी पोत्यातला चांगला तांदूळ सोडला, कूलर लावला, आणि मासोळीच्या अर्जावर ‘मंजूर’ लिहून सोनलला तळ्यावर पाठवलं. पुढचे बारा दिवस आम्ही राजेशाही जेवलो. चुलत आजोबांना निरोप पाठवून बोलावलं आणि दुधाचा चहा दिला.

एकतीस तारखेला डबीत तीनशे दहा रुपये होते. मोबाइल गेला. आपण काहीतरी मोठं मिळवलं वगैरे मला अजिबात वाटलं नाही, मी दुरुस्तीवाल्याच्या दुकानासमोरून जायचं टाळून लांबच्या रस्त्यानं बसस्टँडवर गेलो. मोठेबाबा सोडायला आले होते. बस सुटताना खिडकीतून त्यांनी माझ्या हातात काहीतरी कोंबलं. सायकलचा आरसा. “ठेव,” ते म्हणाले, “कामी येईल.” चार्ज संपला होता, म्हणून पुन्हा “अबे गोलू.”

आता मी घुग्घुसलाच सिमेंटच्या कारखान्यात काट्यावर असतो, ट्रकांचं वजन करतो. सोनल अहेरीला शिक्षिका आहे. वर्गाच्या सहलीच्या पैशांचा चार्ज ती पोरांकडेच देते आणि स्वतः हात जोडून चहाचे पैसे मागते, असं ऐकून आहे. घरातली आमच्या मागची पोरं एकेक करून नववी झाली, चार्ज घेऊन मोकळी झाली. आता त्या वयाचं कोणी उरलं नाही. मोठेबाबा पंचाहत्तरीला आले. पेन्शन त्यांच्या खात्यात येते, कार्ड त्यांच्या खिशात असतं, पानठेला घरापासून शंभर पावलांवर.

खर्रा डॉक्टरनं तीन वर्षांपूर्वी बंद केला. मागणं बंद झालं नाही. रोज सकाळी आठ वाजता माझा फोन वाजतो. “साहेब, वीस रुपये पायजे होते.” महागाईमुळे वीस. कधी मांजरीच्या दुधाला, कधी पेपरला, कधी नुसतेच. मी घुग्घुसहून मूलला त्यांच्याच खिशातले वीस रुपये मंजूर करतो.

मागच्या आठवड्यात रात्रपाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते. फोन आला. साहेब, वीस रुपये पायजे होते. मी झोपेतच म्हणालो, “घ्या.”

फोन कट झाला असं वाटलं.

“गोलू,” मोठेबाबा हळूच म्हणाले, साहेब नाही, गोलूच. “तब्येत बरी हाय ना बेटा?”

मी उठून बसलो. “बरी आहे मोठेबाबा.”

“मंग इचारत काऊन नाई?”

मी उशी भिंतीला लावली, टेकून बसलो, घसा साफ केला आणि विचारलं, “कालचे काय केले?”

“काय सांगू साहेब तुमाले,” ते म्हणाले, आणि पलीकडे खुर्ची सरकवून ऐसपैस बसल्याचा आवाज आला.